कर्कपेशींचा ऊर्जा चयापचय

कर्करोगाच्या पेशी (कर्कपेशी) ऊर्जा आणि वाढीसाठी लागणारी द्रव्ये ज्या जीवरासायनिक पद्धतीने मिळवितात, तिला कर्कपेशींचा ऊर्जा चयापचय असे म्हणतात. ही पद्धती निरोगी पेशींच्या पद्धतीहून अनेक बाबतींत वेगळी असते. तिच्यातील सर्वांत परिचित बदल असा की, ऑक्सिजन पुरेसा उपलब्ध असतानाही अनेक कर्कपेशी मोठ्या प्रमाणावर ग्लुकोज शोषून घेतात आणि त्याचे पूर्ण ज्वलन न करता त्याचे लॅक्टेटमध्ये (दुग्धाम्लात) रूपांतर करतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात हा बदल प्रयोगाने मोजून दाखविला. त्यावरून त्यास ‘वॉरबर्ग परिणाम’ हे नाव मिळाले.

या बदलाचा वैद्यकात प्रत्यक्ष उपयोग होतो. पीईटी तपासणीत कर्करोगाची गाठ दिसते ती तिच्या ग्लुकोजच्या ओढीमुळे. कर्करोगावरील काही जुनी आणि काही अगदी अलीकडची औषधे पेशीच्या चयापचयातील एखाद्या नेमक्या पायरीवर काम करतात. मात्र ‘साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो’ हा समाजात रूढ झालेला समज या संशोधनातून सिद्ध होत नाही. त्या समजापोटी आहार तोडणे किंवा उपचार लांबविणे रुग्णास अपायकारक ठरते.

निरोगी पेशीतील ऊर्जानिर्मिती

पेशीची बहुतेक कामे एटीपी (ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट) या रेणूत साठविलेल्या ऊर्जेवर चालतात. ग्लुकोजपासून एटीपी तयार होण्याचे दोन मुख्य टप्पे आहेत. पहिला टप्पा पेशीद्रव्यात घडतो. त्यास ग्लुकोज-विघटन (ग्लायकोलायसिस) म्हणतात. यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे दोन रेणू आणि निव्वळ २ एटीपी मिळतात. दुसरा टप्पा तंतुकणिकांमध्ये घडतो. तेथे पायरुव्हेटचे क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी यांच्याद्वारे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. दोन्ही टप्पे मिळून एका ग्लुकोज रेणूमागे सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा ३६ किंवा ३८ असा दिलेला आढळतो.

ऑक्सिजन कमी पडल्यास पायरुव्हेट तंतुकणिकेत न जाता त्याचे लॅक्टेट बनते. वेगाने धावताना स्नायूंमध्ये हेच घडते. या प्रक्रियेत ऊर्जा थोडी मिळते. परंतु ग्लुकोज-विघटन चालू राहण्यासाठी आवश्यक असलेला एनएडी हा सहघटक पुन्हा उपलब्ध होतो. ऑक्सिजन मिळू लागताच निरोगी पेशी बहुधा पूर्ण ज्वलनाकडे परततात. अनेक कर्कपेशी तशा परतत नाहीत, हेच वॉरबर्ग यांच्या निरीक्षणाचे सार आहे.

इतिहास

ओटो वॉरबर्ग (८ ऑक्टोबर १८८३ – १ ऑगस्ट १९७०) यांनी बर्लिन येथे उंदरांच्या अर्बुदांचे पातळ काप घेऊन ते किती ऑक्सिजन वापरतात आणि किती लॅक्टेट तयार करतात याचे मापन केले. निरोगी ऊतींच्या तुलनेत अर्बुदाचे काप ऑक्सिजन असतानाही कितीतरी अधिक लॅक्टेट निर्माण करीत होते. १९२५ मध्ये कार्ल कोरी व गर्टी कोरी या दांपत्याने जिवंत प्राण्यात हीच गोष्ट दाखविली. एका पंखात अर्बुद असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतील रक्त त्यांनी तपासले. अर्बुदाच्या बाजूने परतणाऱ्या रक्तात ग्लुकोज कमी व लॅक्टेट अधिक आढळले.

वॉरबर्ग यांनी या निरीक्षणावरून असा निष्कर्ष काढला की, पेशीच्या श्वसनाला झालेली कायमची इजा हेच कर्करोगाचे मूळ कारण होय. १९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी ही भूमिका पुन्हा ठामपणे मांडली. त्याच वर्षी अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ सिडनी वाइनहाउस यांनी तिला आक्षेप घेतला. अनेक अर्बुदांच्या तंतुकणिका कार्यक्षम असतात व त्यांचे श्वसन चालू असते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढील संशोधनाने वॉरबर्ग यांचे निरीक्षण टिकले, पण त्यांनी सांगितलेले कारण सर्वसाधारणपणे टिकले नाही.

वॉरबर्ग यांना १९३१ मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक ‘कर्करोगाचे कारण शोधल्याबद्दल’ होते, असे विधान समाजमाध्यमांत वारंवार आढळते. ते चुकीचे आहे. पारितोषिक पेशींच्या श्वसनातील विकराचे स्वरूप व कार्यपद्धती यांच्या शोधाबद्दल दिले गेले होते.

१९५०च्या दशकानंतर डीएनएचे स्वरूप उलगडले आणि कर्करोग हा प्रामुख्याने जनुकांतील बिघाडाचा रोग म्हणून अभ्यासला जाऊ लागला. त्यामुळे चयापचयाचा विषय काही दशके मागे पडला. १९९०च्या दशकापासून कर्करोगकारी जनुके स्वतःच पेशीचा चयापचय बदलतात असे दिसू लागले आणि दोन्ही विचारप्रवाह एकत्र आले. डग्लस हॅनहन व रॉबर्ट वाइनबर्ग यांनी २००० मध्ये कर्करोगाची सहा ठळक लक्षणे सांगितली होती. २०११ मधील सुधारित मांडणीत त्यांनी ऊर्जा चयापचयाच्या पुनर्रचनेचा उदयोन्मुख लक्षण म्हणून समावेश केला.

बदलाची यंत्रणा

जनुकीय कारणे

निरोगी पेशी वाढीचा संकेत मिळाल्याखेरीज जादा ग्लुकोज आत घेत नाही. कर्कपेशीत हा संकेत जनुकीय बिघाडामुळे कायम चालू राहतो. पीआय३के, एकेटी व एमटीओआर या प्रथिनांची संकेतसाखळी तसेच रास व मिक ही जनुके अतिसक्रिय झाली की पेशीच्या पटलावरील ग्लुकोजवाहक प्रथिने वाढतात. त्यांत ‘ग्लुट-१’ हे प्रमुख होय. आत आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट जोडून पेशीतच अडकवून ठेवणारे हेक्झोकायनेज-२ हे विकरही वाढते. याउलट, पेशीवर नियंत्रण ठेवणारे पी५३ हे जनुक निकामी झाले की ग्लुकोज-विघटनावरील एक लगाम सैल होतो.

ऑक्सिजनची कमतरता

अर्बुद वेगाने वाढते, त्या मानाने त्यातील रक्तवाहिन्या अपुऱ्या व वेड्यावाकड्या असतात. त्यामुळे आतील भागास ऑक्सिजन कमी पडतो. अशा वेळी एचआयएफ-१ हे प्रथिन टिकून राहते आणि ग्लुकोज-विघटनाची जनुके सक्रिय करते. पेशी ऑक्सिजनची पातळी कशी ओळखते, या शोधाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऊर्जेबरोबर बांधणीचे द्रव्य

एका ग्लुकोजमागे ३० ऐवजी २ एटीपी घेणे वरकरणी तोट्याचे वाटते. परंतु विभाजन करू पाहणाऱ्या पेशीची गरज केवळ ऊर्जेची नसते. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर डीएनए, प्रथिने व पेशीपटले या सर्वांचा साठा दुप्पट व्हावा लागतो. चुलीत लाकूड पूर्ण जाळले तर उष्णता भरपूर मिळते. पण त्या लाकडाचे घर बांधता येत नाही. त्याचप्रमाणे ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन झाल्यास त्यातील कार्बन वायुरूपाने निघून जातो. ग्लुकोज-विघटनाचा वेग वाढवून मधल्या पायऱ्यांवरील रेणू बाजूला वळविले, तर त्यांपासून न्यूक्लिओटाइड, अमिनो आम्ले व मेद तयार करता येतात. हेच कर्कपेशींच्या उधळ्या वाटणाऱ्या वागण्याचे आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. मात्र त्यानेही प्रश्न पुरता सुटत नाही, कारण घेतलेल्या ग्लुकोजपैकी बराच कार्बन लॅक्टेटच्या रूपाने पेशीबाहेर जातो. एनएडीची सतत उपलब्धता आणि एटीपी मिळण्याचा वेग ही पूरक कारणे मानली जातात.

हे वैशिष्ट्य केवळ कर्कपेशींचे नाही. संसर्गाशी लढताना झपाट्याने विभाजित होणाऱ्या टी-पेशीही अशाच रीतीने ग्लुकोज वापरतात. उपचारांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

ग्लुटामिन व इतर इंधने

कर्कपेशी केवळ ग्लुकोजवर अवलंबून नसतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात लागते, असे हॅरी ईगल यांनी १९५०च्या दशकात दाखविले. ग्लुटामिनमुळे क्रेब चक्रातून बांधणीसाठी काढून घेतलेल्या रेणूंची भरपाई होते व नायट्रोजनही मिळतो. काही अर्बुदे मेदाम्ले, तर काही शेजारच्या पेशींनी बाहेर टाकलेले लॅक्टेटही इंधन म्हणून वापरतात. एकाच गाठीच्या रक्तवाहिनीजवळील व आतील भागांत इंधन वेगवेगळे असू शकते. एक वाट अडविली की पेशी दुसरी वाट धरते. ही लवचिकता उपचारांतील मोठी अडचण आहे.

लॅक्टेटचे परिणाम

बाहेर टाकलेल्या लॅक्टेट व हायड्रोजन आयनांमुळे अर्बुदाभोवतीचा परिसर आम्लधर्मी होतो. त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींचे कार्य मंदावते व कर्कपेशींना आजूबाजूच्या ऊतींत घुसणे सोपे जाते. ही आम्लता स्थानिक असते. रक्ताची आम्लता शरीर फुप्फुसे व मूत्रपिंडे यांच्या साहाय्याने अतिशय काटेकोरपणे राखते. सामान्यतः तिचा सामू ७.३५ ते ७.४५ यांदरम्यान असतो. त्यामुळे खाण्याचा सोडा किंवा अल्कधर्मी पाणी पिऊन कर्करोग बरा होतो, या दाव्यास आधार नाही.

निदानातील उपयोग

पॉझिट्रॉन उत्सर्जन छायांकन अर्थात पीईटी ही तपासणी वॉरबर्ग परिणामाचा सर्वांत यशस्वी उपयोग मानली जाते. ग्लुकोजसारख्याच दिसणाऱ्या रेणूला फ्ल्युओरिन-१८ हा किरणोत्सारी समस्थानिक जोडून एफडीजी हे द्रव्य तयार करतात व ते शिरेतून देतात. ग्लुकोजवाहक प्रथिने त्यास पेशीत नेतात, हेक्झोकायनेज त्यास फॉस्फेट जोडते. पण पुढची पायरी घडू शकत नाही. त्यामुळे जेथे ग्लुकोजची ओढ अधिक तेथे एफडीजी साचते व प्रतिमेत तो भाग उजळ दिसतो. मानवावर एफडीजीचा वापर प्रथम १९७६ मध्ये अमेरिकेत झाला. भारतातील पहिली वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पीईटी सुविधा २००२ मध्ये मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली.

फ्ल्युओरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. म्हणजे तयार झाल्यापासून सुमारे साडेसात तासांत त्याची किरणोत्सारिता सोळाव्या भागावर येते. एफडीजी साठवून ठेवता येत नाही. ते त्या दिवसाच्या रुग्णांसाठी त्याच दिवशी आणावे लागते. यामुळे तपासणीची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत असते आणि दिलेली वेळ पाळण्यास महत्त्व येते. तपासणीपूर्वी साधारणतः ४ ते ६ तास उपाशी राहावे लागते व श्रम टाळावे लागतात. रक्तातील ग्लुकोज फार वाढलेले असल्यास ते एफडीजीशी स्पर्धा करते आणि प्रतिमा अस्पष्ट येते. म्हणून मधुमेही रुग्णांनी आपली औषधे वेळ ठरवितानाच केंद्रास कळविणे आवश्यक असते.

उजळ दिसणारा प्रत्येक भाग कर्करोग नसतो. मेंदू नैसर्गिकरीत्याच भरपूर ग्लुकोज वापरतो. एफडीजी लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्राशयही उजळ दिसते. क्षयरोग किंवा अन्य दाह असलेल्या लसिका ग्रंथीही उजळतात. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने ही बाब विशेष ध्यानात घ्यावी लागते. याउलट, पुरःस्थ ग्रंथीचे अनेक कर्करोग व काही मंदगती अर्बुदे एफडीजी फारसे घेत नाहीत. त्यामुळे कर्करोगाचे निश्चित निदान सामान्यतः ऊतीचा तुकडा तपासूनच (बायॉप्सी) केले जाते.

उपचारांतील उपयोग

फोलेटविरोधी औषधे

चयापचयावर आघात करणाऱ्या औषधांचा इतिहास भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्याशी निगडित आहे. आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेल्या सुब्बाराव यांनी अमेरिकेतील हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत स्नायूंमधील एटीपीचा शोध लावला. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनीही तो स्वतंत्रपणे लावला होता. पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्ल व त्याच्याशी साम्य असलेली विरोधी द्रव्ये तयार करण्यात आली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी बोस्टन येथे रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांमध्ये रोगाचा तात्पुरता उपशम घडवून आणला. त्यांचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच वर्गातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे. डीएनएच्या घटकांची निर्मिती फोलेटवर अवलंबून असते. मेथोट्रेक्सेट त्या निर्मितीतील डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर रोखते. अर्थात ते कर्कपेशींचे ‘इंधन’ तोडत नाही, तर बांधणीचे द्रव्य तोडते.

ॲस्परॅजिनेज

गिनीपिगच्या रक्तद्रवामुळे उंदरांतील काही अर्बुदे नष्ट होतात, असे जॉन किड यांना १९५३ मध्ये आढळले. हा परिणाम ॲस्परॅजिनेज या विकराचा आहे, हे पुढे स्पष्ट झाले. तीव्र लसिकापेशी रक्तकर्करोगातील पेशी ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल पुरेसे बनवू शकत नाहीत व ते रक्तातून घेतात. हे विकर रक्तातील ॲस्परॅजिन नष्ट करते. निरोगी पेशी ते स्वतः बनवीत असल्याने तुलनेने तगून राहतात. मुलांमधील या रोगाच्या उपचारात हे औषध आजही महत्त्वाचे आहे. ‘उपाशी ठेवण्याची’ कल्पना येथे यशस्वी झाली, कारण रोगपेशीची एक नेमकी उणीव सापडली होती.

आयडीएच रोधके

मेंदूच्या काही अर्बुदांत आयडीएच-१ या चयापचयातील विकराच्या जनुकाचे उत्परिवर्तन असते, असे २००८ मध्ये दिसून आले. बदललेले विकर एक असामान्य द्रव्य तयार करते. त्यामुळे जनुकांचे नियमन बिघडून पेशी परिपक्व होऊ शकत नाही, असे पुढील अभ्यासांतून आढळले. बदललेली आयडीएच विकरे रोखणाऱ्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यांत तीव्र मज्जापेशी रक्तकर्करोगासाठी एनासिडेनिब (२०१७) व आयव्होसिडेनिब (२०१८), तसेच मेंदूच्या काही मंदगती अर्बुदांसाठी व्होरासिडेनिब (२०२४) यांचा समावेश होतो. ही औषधे संबंधित उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांनाच दिली जातात.

अपेक्षाभंग झालेले प्रयत्न

ग्लुकोज-विघटन रोखणारे २-डीजी (२-डीऑक्सि-डी-ग्लुकोज) हे द्रव्य भारतात मेंदूच्या अर्बुदांमध्ये किरणोपचारासोबत तपासले गेले. परंतु ते कर्करोगाचा प्रमाणित उपचार ठरलेले नाही. हेच द्रव्य २०२१ मध्ये भारतात कोविडसाठी आपत्कालीन वापराच्या मान्यतेमुळे चर्चेत आले होते.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, अशा निरीक्षणांमुळे मोठी आशा निर्माण झाली होती. मात्र मधुमेह नसलेल्या स्तनकर्करोग रुग्णांत झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने रोग परतण्याचे प्रमाण कमी झाले नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लुटामिनचा वापर रोखणारे टेलाग्लेनास्टॅट हे औषधही मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील चाचणीत जादा लाभ दाखवू शकले नाही.

या अपयशांमागे दोन कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. एक म्हणजे कर्कपेशींची इंधन बदलण्याची क्षमता. दुसरे म्हणजे मेंदू, तांबड्या पेशी व लढाऊ टी-पेशी यांनाही त्याच ग्लुकोजची गरज असणे. सर्वत्र ग्लुकोज रोखू पाहणारे औषध रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचीही कोंडी करू शकते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५२ मध्ये मुंबईतच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. पुण्यात जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ती भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मानली जाते. शरीराबाहेर पेशी वाढवून त्या काय घेतात व काय टाकतात हे पाहणे, हा पेशींच्या चयापचयाच्या अभ्यासाचा पाया आहे. या केंद्राचे कार्य आज नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत चालते.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत निकटचा संबंध मुखकर्करोगाशी येतो. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. विदर्भात तंबाखू-चुन्याबरोबरच सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा प्रचलित आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखू व सुपारी हे दोन्ही पदार्थ मानवात कर्करोग निर्माण करणारे म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वर्गीकृत केले आहेत. सुपारीमुळे तोंडाचे अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. या अवस्थेचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो.

परतलेल्या, पसरलेल्या किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या मुख व घशाच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेटचा वापर टाटा स्मारक रुग्णालयातील एका चाचणीत तपासला गेला. ४२२ रुग्णांपैकी एका गटास शिरेवाटे सिस्प्लॅटिन, तर दुसऱ्या गटास आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या व रोज सेलेकॉक्सिब हे दाहशामक औषध अशी कमी खर्चाची योजना देण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. ही योजना रोग बरा करणारी नसून आयुष्य काहीसे वाढविणारी व त्रास कमी करणारी आहे. तथापि, बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, लोणार किंवा सिंदखेडराजा यांसारख्या तालुक्यांतून शहरात उपचारांसाठी जाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने, वारंवार शिरेवाटे औषध घेण्यास न जाता घरी घेता येणाऱ्या गोळ्यांचे मोल मोठे आहे. मेथोट्रेक्सेटची साप्ताहिक मात्रा चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. त्यामुळे वार ठरवून व लिहून ठेवणे अत्यावश्यक असते.

मुखकर्करोग लवकर सापडल्यास शस्त्रक्रिया व किरणोपचार यांनी बरा होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. तोंडातील न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ अथवा तोंड कमी उघडणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकल्यास तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत प्राथमिक तपासणी केली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे.

आहार आणि प्रचलित गैरसमज

कर्कपेशी ग्लुकोज अधिक घेतात हे खरे. तथापि साखर, गूळ वा मध वर्ज्य केल्याने त्यांना ग्लुकोज मिळणे थांबत नाही. ज्वारीची भाकर, पोळी व भात यांतील पिष्टमय पदार्थांचेही पचनानंतर ग्लुकोजच होते. सर्वच अन्न सोडले तरी यकृत आपल्या साठ्यातून, आणि तो संपल्यावर मुख्यतः स्नायूंतील प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करून रक्तातील पातळी राखते, कारण मेंदू व तांबड्या पेशी त्यावर अवलंबून असतात. अशा रीतीने उपासात आधी झिजते ते रुग्णाचे शरीर.

कर्करोगात वजन व स्नायू घटण्याची प्रवृत्ती मुळातच असते. अर्बुदाने टाकलेले लॅक्टेट रक्तावाटे यकृतात जाते व तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज बनते. कोरी दांपत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चक्रात अर्बुदाला २ एटीपी मिळतात, तर यकृताचे ६ खर्च होतात. हा तोटा, दाह आणि मंदावलेली भूक यांमुळे रुग्ण कृश होत जातो. मुखकर्करोगात गिळणेही अवघड झालेले असते. कुपोषित रुग्णास शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी सोसणे कठीण जाते आणि उपचार मध्येच थांबवावे लागण्याचा धोका वाढतो.

युरोपातील वैद्यकीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्करोगाच्या रुग्णास दररोज वजनाच्या प्रति किलोमागे साधारण २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा लागते. प्रथिने प्रति किलोमागे १ ग्रॅमपेक्षा अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत असावीत. त्यानुसार ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. डाळी, दूध, दही, अंडी, शेंगदाणे व सोयाबीन हे त्यांचे सुलभ स्रोत आहेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे लागते. गिळता येत नसल्यास मऊ, पातळ आहार किंवा नाकातून घातलेल्या नळीवाटे पोषण दिले जाते. नळी घालणे म्हणजे रोग हाताबाहेर गेला असे नव्हे. अनेकदा ती उपचार पूर्ण करता यावेत यासाठीच असते.

कर्बोदके अत्यल्प ठेवणाऱ्या ‘कीटोजेनिक’ आहाराचा काही औषधांसोबत अभ्यास चालू आहे. प्राण्यांतील काही निष्कर्ष आशादायक असले, तरी हा आहार एकट्याने कर्करोग बरा करतो असा पुरावा नाही. दुसरीकडे, गोड पदार्थ व शीतपेये मर्यादित ठेवण्याचा सामान्य सल्ला योग्यच आहे. लठ्ठपणा हा अनेक कर्करोगांच्या जोखमीचा घटक आहे, आणि मधुमेही रुग्णांनी उपचारांच्या काळातही साखर नियंत्रणात ठेवणे आवश्यक असते. ‘साखर मर्यादित ठेवणे’ आणि ‘अन्न तोडून रोग मारणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सद्यःस्थिती

कर्कपेशींच्या चयापचयावरील संशोधन आता ‘सर्व कर्करोगांचा एकच दुबळा दुवा’ शोधण्याऐवजी विशिष्ट अर्बुदातील विशिष्ट अवलंबित्व शोधण्याकडे वळले आहे. ॲस्परॅजिनेज व आयडीएच रोधके यांचे यश याच मार्गाने आले. अर्बुद व रोगप्रतिकारक पेशी यांच्यातील पोषकद्रव्यांची स्पर्धा, तसेच आहार व औषध यांचा एकत्रित परिणाम हे अभ्यासाचे प्रमुख विषय आहेत. प्रत्यक्ष उपचारांत मात्र शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी, लक्ष्याधारित औषधे व प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार हेच आजही मुख्य आधार आहेत. चयापचयाचे ज्ञान त्यांना पूरक ठरते, त्यांची जागा घेत नाही.

हे सुद्धा पहा

कर्करोग
चयापचय
तंतुकणिका
ओटो वॉरबर्ग
यल्लाप्रगडा सुब्बाराव
कमल रणदिवे
मुखकर्करोग
टाटा स्मारक रुग्णालय